सरलेल्या आयचा दगड

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही आणि मोठे शब्द येत नाहीत. नेत्राताई दर महिन्याला शहरातल्या माणसांना आमचं रान दाखवायला घेऊन येतात. त्या म्हणाल्या, "रमण, लखमा आजा सांगतो तसंच लिहून दे. आमच्या मंडळाच्या अंकात घेऊ. चुका मी बघते." म्हणून लिहितो आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. कागदाला तोंड नसतं, एवढं बरं आहे.

शहराची शेवटची बस जिथं वळते तिथं आमच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. फाटकातून आत दोन तास चाललं की आमचा पाडा लागतो. अठरा घरं. डोंगराच्या अंगाला शेवटचं घर आमचं. आमच्या मागच्या परसात, कुंपणाच्या कोपऱ्यात, एक काळा दगड उभा आहे. माणसाच्या कमरेच्या थोडा वर येतो. तो सरळ नाही. अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं की आपण अंग चोरून उभे राहतो, तसा तो डावीकडं झुकलेला आहे. त्याची एक बाजू खडबडीत आहे, तिच्यावर शेवाळ धरतं. दुसरी बाजू, म्हणजे वाटेकडची, घासून घासून गुळगुळीत झाली आहे. तिथं हात लावला तर पाट्यावर हात फिरवल्यासारखं वाटतं.

त्या दगडाला लागून वाट जाते. डोंगरावरून उतरते, आमच्या कुंपणाच्या वरच्या तोंडातून परसात शिरते, दगडाला चाटून खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि तळ्यावर जाते. दोन्ही तोंडं हातभर रुंद. ही तोंडं कधी बंद करायची नाहीत, असा आमच्या घराचा नेम आहे. ती वाट वाघाची. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो.

पाड्याचाही एक नेम आहे. लाकडाला, पानांना, कंदाला, कशालाही रानात जायचं असलं की आधी या दगडापाशी यायचं. वाटेवरून डावीकडं एक पाऊल सरायचं. एक श्वास तिथंच थांबायचं. बाई असली तर "सरले" म्हणायचं, पुरुष असला तर "सरलो" म्हणायचं, आणि मग पुढं जायचं. वनखात्याचा बीटावरचा गार्डसुद्धा तसं करतो. तो आधी हसायचा, आता हसत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी नेत्राताई नऊ माणसं घेऊन आल्या. लखमा आजा दगडाजवळ पालथ्या घमेल्यावर बसला होता. तो माझ्या आईचा चुलता. वय त्याला माहीत नाही. पण रोपवाटिकेत त्यानं लावलेले साग आता दोघांच्या कवेत मावत नाहीत. गोष्ट त्यानंच सांगायची, असं ठरलेलं आहे. मी पाण्याचे तांबे देतो आणि बाजूला उभा राहतो.

पाहुण्यांत एक कॅमेरावाले काका होते. फाटकाजवळ माकडानं त्यांच्या हातातलं वेफर्सचं पाकीट नेलं होतं, त्यामुळं ते जरा रागात होते. म्हणाले, "आजोबा, सकाळपासून फिरतोय. तिकीट काढून आलोय. पण तुमचा वाघ काही दिसला नाही."

आजा म्हणाला, "त्यानं तुम्हाला बघितलं असंल की. त्याला तिकीट नाय लागत."

सगळे हसले. काकाही हसले. मग आजानं पान तोंडातून काढून टाकलं, चूळ भरली आणि दगडाकडं तोंड करून बसला. तो गोष्ट सांगतो तेव्हा माणसांकडं बघत नाही. दगडाकडं बघतो.

फार पूर्वीची गोष्ट आहे, म्हणे. तेव्हा या डोंगरावरून खाली बघितलं की खाडी आणि मिठागरं दिसायची, इमारती नव्हत्या. पाड्यात चारच घरं होती. त्यांतली दोन घरं दोघा भावांची. वरच्या अंगाला मोठ्या भावाचं, त्याच्या बायकोचं नाव चैती. खालच्या अंगाला धाकट्याचं, त्याच्या बायकोचं नाव राधी. दोघी जावा, पण एका ताटात जेवणाऱ्या.

वाघाची वाट चैतीच्या परसातून जायची. घरं नंतरची, वाट आधीची. ज्या म्हाताऱ्यानं तिथं घराची पहिली मेढ रोवली त्यानं वाटेला जागा सोडूनच रोवली होती, असं सांगतात. तिन्हीसांजेला वाघ डोंगरावरून उतरायचा आणि तळ्यावर पाणी प्यायला जायचा. वरच्या झाडीत माकडं ओरडायला लागली की माणसं पोरं, कोंबड्या, शेळ्या आत घ्यायची, दार ओढायची. माकडं गप्प झाली की समजायचं, गेला. मग दार उघडून पुन्हा चुलीशी बसायचं. किती पिढ्या असं चाललं होतं कोण जाणे. त्या वाटेवरून जाताना वाघानं कधी कुणाचं कोंबडीचं पिल्लूसुद्धा उचललं नव्हतं.

चैतीला दोन पोरं झाली आणि दोन्ही तापात गेली. तिसरी मुलगी. ती जगली, रांगायला लागली. पण चैतीच्या जिवाला आता स्वस्थता नव्हती. पान पडलं तरी ती दचकायची. पोरीला झोळीत घालून तिच्या तोंडापाशी हात धरून बसायची, श्वास लागतो का बघायची.

एका सकाळी ती परस झाडायला गेली. आदल्या दिवशी तिथं सडा घातला होता, माती ओली होती. त्या मातीत तिला पोरीच्या हाताचा ठसा दिसला. पाची बोटं उमटलेली, इवलाली. आणि त्या ठशावरच वाघाचा पंजा पडलेला.

खराटा तिच्या हातातून गळाला, म्हणे.

त्याच दिवशी तिनं कोयता घेतला आणि करवंदीच्या जाळ्या तोडायला निघाली. नवरा म्हणाला, "वाट अडवू नको. ती आपली नाय."

चैती म्हणाली, "वाट नसंल आपली. पोर माझी हाय."

त्यानं तिला अडवलं नाही. दोन पोरं त्यानंही पुरली होती.

जाळ्या ओढून आणायला राधी मदतीला आली. राधीला एकच मुलगा, सहा वर्षांचा, भिका त्याचं नाव. पण चैतीच्या मुलीवरही तिचा तेवढाच जीव. दोघींनी मिळून वरचं तोंड बंद केलं, खालचं तोंड बंद केलं. काट्यावर काटा रचला. राधी हसून म्हणाली, "आता वाघ काय, तुझी सासू जरी भूत होऊन आली तरी नाय शिरायची." चैतीही हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, असं सांगतात.

इथं आजा नेहमी थांबतो. त्या दिवशीही थांबला. पाणी प्यायला. कॅमेरावाल्या काकांनी कॅमेरा गळ्यात सोडून दिला होता.

पहिल्या सांजेला वाघ आला. काट्यापाशी थांबला आणि मागं फिरला. दुसऱ्या सांजेला तसंच. तिसऱ्या सांजेला तसंच. तळं काट्याच्या पलीकडं आणि वाघ काट्याच्या अलीकडं. उन्हाळा वर चढत होता. रानातले झरे आटले होते. चौथ्या दिवशी वाघानं दुसरी वाट धरली. चैतीच्या कुंपणाला वळसा घालून तो खालच्या अंगानं, राधीच्या परसातून उतरला.

तिकडं कुणाला त्याची सवय नव्हती. माकडं ओरडली, पण ती वर, चैतीच्या घरामागं ओरडली. राधीला वाटलं, वाघ तिकडं आहे. भिका शेळीचं करडू आणायला घरामागं गेला होता. करडू धावत परत आलं. भिका आला नाही. तळ्याच्या वाटेवर त्याची गलोल सापडली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चारी घरांतले पुरुष भाले घेऊन जमले. आजूबाजूच्या पाड्यांतूनही माणसं आली. जाळं आणलं. वाघ बाटला, माणसावर आला, आता डोंगर जाळायचा आणि त्याला मारायचा, असं ठरलं. तेव्हा चैती पोरीला कडेवर घेऊन पुढं आली. म्हणाली, "त्यानं वाट नाय सोडली. मी त्याची वाट अडवली."

राधी उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती. तिथूनच म्हणाली, "मग जा. उघड आणि उभी रहा तिथं."

चैती म्हणू शकली असती, काटे तूही ओढलेस. ती ते बोलली नाही. आजा म्हणतो, या गोष्टीत तिनं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

तिनं मुलगी राधीच्या मांडीवर ठेवली. राधीनं नको म्हटलं नाही. मग चैती परसात गेली आणि नुसत्या हातांनी जाळ्या ओढून काढल्या. कोयता घेतला नाही. हात फाटले. डोंगराकडं तोंड करून तिनं शब्द दिला, "तुला कुणी हवं असंल तर मला ने. पाड्यातल्या पोरांकडं बघू नको." आणि तिन्हीसांजेला ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. पुरुष भाले घेऊन आढ्यांवर चढून बसले. वाघानं तिला धरलं की त्याला मारायचा, असा त्यांचा बेत होता.

वाघ आला. वरच्या तोंडाशी थांबला. चैतीनं डोळे मिटले. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणे, वासही येत होता. ती वाट बघत राहिली. पण अंगावर काही आलं नाही. डोळे उघडले तर तोंड मोकळं होतं. आणि तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. वाघ वळसा घालून पुन्हा राधीच्या परसातून गेला होता. घरात राधी होती, आणि तिच्या मांडीवर चैतीची मुलगी. दाराला नुसता काटक्यांचा कूड लावलेला.

त्या सांजेला काही झालं नाही. तो पाणी पिऊन गेला. पण चैती रात्रभर घरात गेली नाही.

सकाळी राधी मुलीला कडेवर घेऊन वर आली. चैती तिथंच वाटेत बसली होती. राधी तिला म्हणाली, "काल तो माझ्या दारावरनं गेला. तुझी पोर माझ्या मांडीवर होती. तू मरायला उभी राहिलीस, बाय, पण वाटेतच उभी राहिलीस. त्याला तू नको. त्याला पाणी पायजे."

असं म्हणून ती खाली निघून गेली. यानंतर राधी चैतीशी जन्मात एक शब्द बोलली नाही, असं सांगतात.

चैतीनं दिवसभर काही खाल्लं नाही. सांजेला पुन्हा माकडं ओरडली. ती उठून वाटेत उभी राहिली. वाघ वरच्या तोंडाशी आला. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडं बघत बघत ती डावीकडं एक पाऊल सरली. एकच. सरायला जागा तेवढीच होती. वाघ आत आला. तिच्या गुडघ्याला अंग घासून पुढं गेला आणि खालच्या तोंडातून बाहेर पडला. थोड्या वेळानं तळ्यावर त्याची जीभ पाण्याला लागत असल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. इतकं गप्प होतं सगळं. पुरुष आढ्यांवरून उतरले. भाले तसेच घेऊन आपापल्या घरी गेले.

पुढं काय झालं ते दोन प्रकारे सांगतात. एक म्हणजे चैती तिथून हललीच नाही. राधी सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन आली तर तिथं हा दगड होता. आजाची आजी वेगळं सांगायची. ती म्हणायची, चैती म्हातारी होऊन मेली. रोज सांजेला ती तिथं जाऊन, एक पाऊल सरून उभी राहायची, पावसातसुद्धा. आणि रोज सकाळी राधी तिथं पेज आणून ठेवायची, न बोलता. चैती गेली तेव्हा राधीनंच ओढ्यातून हा दगड आणवला आणि असा झुकता उभा करून घेतला. माणसं म्हणाली, सरळ बसव. ती म्हणाली, नाय, ती अशी उभी राहायची.

"तुम्हाला जे पटंल ते घ्या," आजा म्हणाला. "मला दुसरं पटतं. दगड होणं सोपं हाय."

गोष्ट संपली. डोंगरापलीकडून हमरस्त्याचा आवाज येतो, तो तेवढा येत होता. मग कॅमेरावाले काका उठले, दगडाच्या गुळगुळीत बाजूवरून त्यांनी हात फिरवला आणि वर बघितलं. म्हणाले, "पण आजोबा, वाट तर बंद आहे. इथं पत्रा लावलाय."

हे लिहिताना मला आताही लाज वाटते. वरच्या तोंडाला दोन निळे पत्रे उभे ठोकलेले होते. खालच्या तोंडाला जुनी खाट आडवी बांधलेली होती. ते मी केलं होतं.

आजानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "ते काढायचं राहिलंय."

पाहुण्यांना रानात जायचं होतं. नेत्राताईंनी सांगितल्यावर सगळे एकेक करून दगडापाशी आले, डावीकडं सरले, "सरलो" म्हणाले, "सरले" म्हणाले. एक लहान मुलगी दोनदा म्हणाली. मग पुढं पत्रा. त्यामुळं सगळी रांग मागं फिरली, आमच्या कुंपणाला वळसा घालून खालच्या अंगानं, शेजारच्या माथी काकीच्या परसातून गेली. काकी अंगण झाडत होती. ती खराटा घेऊन भिंतीला लागून उभी राहिली, माणसं जाईपर्यंत. तिच्या शेळ्यांचं खोपट रिकामं होतं. नऊ माणसं त्या खोपटासमोरून गेली आणि मी त्यांच्या मागून गेलो.

आता पत्र्याचं सांगतो. माझी बहीण वनिता बाळंतपणाला आली ती इथंच राहिली, कारण तिचा नवरा लांब दगडाच्या खाणीवर कामाला आहे. तिची दुर्वा गेल्या ज्येष्ठात, पाऊस लागता लागता, रांगायला लागली. एका सकाळी धुण्याच्या दगडाजवळ ओल्या मातीत पंजा दिसला. जन्मापासून मी तिथं पंजे बघत आलो आहे, पण त्या दिवशी वनिता किंचाळली. तेव्हा मी एका इमारतीवर रंगाचं काम करत होतो. तिथल्या मुकादमाला विचारून दोन पत्रे आणले आणि ठोकले. आजा उभा राहून बघत होता. त्यानं मला अडवलं नाही. चैतीच्या नवऱ्यासारखंच.

पाऊस होता तोवर रानात जागोजागी पाणी होतं. दिवाळीनंतर झरे कमी झाले आणि वाघ माथी काकीच्या परसातून जायला लागला. पंधरा दिवसांत तिची तांबडी शेळी गेली. मग तिचं करडू गेलं. दुर्वाला वनिताचं दूध पुरत नव्हतं, म्हणून ती तांबडीचं दूध प्यायची. काकी रोज सकाळी तांब्या भरून आणून द्यायची. शेळी गेली त्या दिवशीही ती आली, रिकाम्या हातानं, हे सांगायला की आज दूध नाही. मला म्हणाली, "वाघ हाय तो. कुठनं तरी जाणारच." पत्र्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

माथी काकीचं घर राधीच्या वंशातलं आहे. दर सोमवारी सकाळी ती दगडापुढं द्रोणात पेज ठेवते. ठेवताना बोलायचं नाही, असा तिच्या घराचा नेम आहे. शेळी गेल्यावरही ती दर सोमवारी आली. पेज ठेवली, हात जोडले, न बोलता गेली. मी दारात उभा असायचो. ती नेम म्हणून गप्प आहे का रागानं गप्प आहे, ते मला कळायचं नाही. आणि तिच्या खोपटापलीकडंच पाड्याचा नळ आहे. सांजेला तिथं सहा-सात पोरं खेळत असतात.

पाहुणे गेल्यावर वनिता चुलीपुढं भाकरी थापत होती. दुर्वा तिच्या पाठीला धरून उभी राहत होती, पडत होती. मी म्हणालो, "वने, पत्रे काढायला पायजेत."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आजा बोलला?"

"नाय. त्यानं पाहुण्यांपुढं झाकून घेतलं."

"मग तुला काय एवढं? शहरातली माणसं गोष्ट ऐकून घरी जातात. त्यांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात, दादा."

"काकीच्या दारावरनं जातो तो आता. नळावर पोरं असतात."

"मला म्हाईत नाय काय? मी पण त्याच नळावर जाते." तिनं पीठ लावलेल्या हातानं डोळे पुसले, मग चिडून पदरानं तोंड पुसलं. "गोष्टीतली बाई दगड झाली. माझी पोर दगडाची नाय. उद्या हिला काही झालं तर तू काय करशील? तिथं जाऊन उभा राहशील?"

मी एवढंच म्हणालो की माकडं ओरडली की दुर्वा आत, दार बंद, हे मी बघीन. रोज बघीन. त्या वेळेला कामावर असलो तर काम सोडीन. भाकरी उलटायची राहिली आणि एका बाजूनं करपली. तीच मी खाल्ली.

आजही आमच्या परसात तो दगड झुकून उभा आहे. आजही रानात जाणारं माणूस त्याच्यापाशी एक पाऊल सरतं. दर सोमवारी तिथं पेज असते. रानाच्या कडेनं आता उंच भिंत बांधत आणली आहे. तिच्या पलीकडं इमारतींच्या खिडक्यांत संध्याकाळी दिवे लागतात, ते आमच्या ओट्यावरून मोजता येणार नाहीत इतके आहेत. आजा म्हणतो, एवढ्या माणसांना सरायला कोण सांगणार? तळं पूर्वी होतं त्याच्या निम्मं राहिलं आहे. वाघ किती राहिले ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. वाघाची वाटते, आणि वाघ यायचा थांबला तर त्याचीही वाटते. हे नीट लिहिता येत नाही.

पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी पक्कड आणि हातोडा घेऊन परसात गेलो. आधी खाट सोडली. मग पत्र्याचे खिळे उपटायला लागलो. तीन खिळे निघाले आणि पत्रा एका अंगाला लोंबायला लागला, एकट्याला सावरेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं कुणी तरी धरला. वनिता होती. दुर्वाला तिनं झोळीत पाठीशी बांधलं होतं. आम्ही दोघांनी मिळून दोन्ही पत्रे काढले.

सोमवार होता. माथी काकी द्रोण घेऊन आली. तिनं उघडं तोंड बघितलं, वर डोंगरापर्यंत गेलेली वाट बघितली. दगडापुढं पेज ठेवली, हात जोडले आणि गेली. एक शब्द नाही.

मी पत्रे डोक्यावर घेतले आणि तिच्या मागोमाग खाली गेलो. तिच्या खोपटाच्या मागच्या बाजूचा कूड मोडला होता, वाघानं तिथूनच शेळी ओढली होती. पत्रा तिथं उभा करून मी खिळा ठोकायला लागलो. पहिला खिळा वाकला. दुसरा माझ्या अंगठ्यावर बसला.

काकी आपल्या परसात येऊन उभी राहिली होती. इथं तिला बोलायला बंदी नव्हती. तिनं वाकलेला खिळा उचलला. मग म्हणाली, "आठवीपर्यंत शाळेत काय गवत उपटलंस? पत्रा उलटा लावलाय. दे तो हातोडा. सर तिकडं."

मी एक पाऊल डावीकडं सरलो.